गडग्यावरचे गौरीचे हात

कळलावीची कळी देठाच्या टोकाला मान खाली घालून लोंबत असते. उमलली तरी ती मान वर करत नाही. फिरतात त्या पाकळ्या. सहाच्या सहा उलट वळून आभाळाकडे टोकं करतात, त्यांच्या कडांना चुण्या पडतात आणि बुडाशी पिवळा, वर तांबडा असा रंग चढायला लागतो. मग रोज थोडा थोडा पिवळा मागे हटतो आणि काही दिवसांत अख्खं फूल लाल होतं. खालच्या पेरांवर अशी पिकलेली लाल फुलं, मध्ये पिवळी-तांबडी आणि शेंड्याला अजून हिरव्या कळ्या, हे सगळं एकाच वेलीवर एकदम दिसतं ते श्रावण-भाद्रपदात. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या पट्ट्यात तेव्हा नजर जाईल तिथे हिरवं असतं, आणि त्या हिरव्यात ही वेल लांबून ओळखू येते. अग्निशिखा हे तिचं दुसरं नाव पुस्तकातलं आहे. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. आमच्याकडे ती कळलावी, आणि भाद्रपदातले तीन दिवस गौरीचे हात.

मी गुहागर तालुक्यात राहते. घरामागे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या वरच्या अंगाला जांभ्याचा उतार आणि त्या उतारावर आमच्या हद्दीचा गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकावर एक बसवून रचलेली भिंत म्हणजे गडगा. वर्षानुवर्षं त्याच्या फटींत माती साचते, पातेरा म्हणजे गळलेला पाला कुजतो, करवंदी आणि निरगुडी त्याला लागून वाढतात. पावसाचं पाणी दगडांतून निथळून जातं, साठून राहत नाही. कळलावीला याहून चांगली जागा कुणी मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही. तिच्या कंदाला ओल हवी पण चिखल चालत नाही. मुळाशी सावली हवी आणि शेंड्याला ऊन. वर चढायला आधार हवा, तोही बारीक काटक्यांचा, कारण तिला काकडी-दोडक्यासारखे वेगळे ताणे नसतात. तिच्या पानाचंच टोक लांब होतं, वळतं आणि जे हाताला लागेल त्याला वेढा घालतं. जाड खांबाला ते धरू शकत नाही. करवंदीच्या डहाळ्या तिला बरोबर पुरतात.

गडग्यावर ती कुणी लावलेली नव्हती. मृगाच्या सरी पडल्या की दगडांतून हिरवे कोंब वर यायचे आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचोही नाही. आमच्या घरी गौरी खड्यांच्या. पाणवठ्यावरून खडे आणायचे, पूजा करायची, संपलं. त्यात या फुलाला काम नव्हतं. काम होतं ते वरच्या वाडीतल्या घरांना. त्यांची गौर तेरड्याची. मुळांसकट तेरडा उपटून आणायचा, त्याची जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची, दागिने घालायचे आणि दोन्ही बाजूंना कळलावीची फुलं बांधायची. ते तिचे हात. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठावर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. नव्या सुना सुपं घेऊन ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपातून वाहायचं वाण, भरायला माहेराहून-सासरहून येतात, रात्रभर फुगड्या आणि झिम्मा. त्या गौरीला हात नसतील तर ती उभी राहिल्यासारखी वाटतच नाही, असं वाडीतल्या काकी म्हणायच्या. आवाहनाच्या सकाळी त्या पोरांना घेऊन आमच्या गडग्याशी यायच्या, पुढच्या दाराने नाही, मागच्या पायवाटेने, आणि हवी तितकीच फुलं देठासकट तोडून न्यायच्या. सासूबाई पडवीतून विचारायच्या, ‘मिळाली का गं?’ आणि काकी तिथूनच हात वर करून दाखवायच्या. गडगा आमचा, सण त्यांचा, आणि वेल कुणाचीच नाही. ही वाटणी मला तेव्हाही आवडायची, आज जास्त आवडते.

मग उतारावरून जाणारा रस्ता रुंद करायचं निघालं. यंत्र आलं, एका दुपारी गडगा गेला, आणि त्या जागी पुढे चिऱ्यांची, सिमेंटने सांधलेली सरळ भिंत उभी राहिली. भिंत मजबूत आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्यात फट नाही. बाजूला काढलेल्या मातीच्या ढिगात मला पांढरट-तपकिरी, दोन फाटे फुटलेले कंद दिसले. नांगराच्या आकाराचा हा कंद एकदा पाहिला की विसरत नाही. ट्रक यायच्या आत मी मिळाले तेवढे वेचून ठेवले. भाद्रपदात काकी आल्या, भिंतीकडे पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, ‘वयनी, औंदा गवरीचं हात कुटं गावायचं?’

तेव्हापासून कळलावी आमच्या परसात आहे, आणि ती मी लावलेली आहे.

जे रानात आपसूक येत होतं ते आता हौसेने जपायची वेळ आली आहे, हे फक्त आमच्या भिंतीपुरतं खरं नाही. दापोली-गुहागरपासून राजापूरपर्यंत कुठेही जा, गडगे कमी होताना दिसतात. आंबा-काजूच्या बागांत पूर्वी पाऊस ओसरल्यावर कोयत्याने बेणणी व्हायची. आता ग्रासकटर फिरतो, आणि माणसं मिळत नाहीत तिथे तणनाशक. या दोन्हींत मोठा फरक आहे. कटरने वेल कापली तर त्या वर्षाचं फूल जातं, कंद मात्र जमिनीत शाबूत राहतो. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानावर पडलं की झाडाच्या रसाबरोबर खाली कंदापर्यंत उतरतं, आणि पुढच्या मृगाला तिथे काही उगवत नाही. मजुरीचे दर मला माहीत आहेत, बागायतदाराची अडचण खोटी नाही. तरी बागेच्या कडेचा हातभर पट्टा फवारणीतून सोडायला फारसं काही लागत नाही. एवढं मी ओळखीच्या प्रत्येक बागवाल्याला सांगते आणि काही जण ऐकतातही.

लावायला घेतली तेव्हा घरातूनच विरोध झाला. कळलावी दारात असली की घरात कळ लागते, भांडणं होतात, असा समज आमच्याकडे पक्का आहे. तो मी मानत नाही. पण या समजामुळे लोकांनी ही वेल पिढ्यान्‌पिढ्या घरापासून चार हात लांब ठेवली, आणि ते शहाणपणाचं होतं, असं मला मनापासून वाटतं. कारण ही वेल विषारी आहे. थोडीथोडकी नाही, नखशिखान्त. पान, फूल, खोड, बी आणि कंद, सगळंच. तिच्यातलं मुख्य विष कोल्चिसीन. तोंडाची-घशाची आग, मग काही तासांत उलट्या आणि जुलाब, आणि त्यानंतर शरीरातले एकेक अवयव निकामी होत जाणं, अशी त्याची चाल असते. वाचलेल्या माणसांचे केसही गळतात. याला घरगुती उतारा नाही. मीठ-पाणी पाजत बसायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं आणि जे खाल्लं त्याचा तुकडा सोबत न्यायचा.

कोकणातल्या परसात हा धोका दुपटीने मोठा आहे, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी इथे जरा थांबते. याच दिवसांत याच परसात आपण करांदे लावतो, कणगरं लावतो, रताळी लावतो. सगळ्या वेली, सगळ्यांचं खाणं जमिनीखाली. कळलावीचा कंद रताळ्यासारखं काही समजून खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. माघ-फाल्गुनात कुणी नवखा माणूस खणायला लागला आणि त्याच्या टोपलीत एखादा कंद गेला तर तो ओळखणार कोण? म्हणून माझी कळलावी खाण्याच्या वेलींच्या वाफ्यात नाही. ती परसाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, उतारावर मी हाताने रचलेल्या छोट्या गडग्यात आहे. तिच्या चारी बाजूंना चिरे पुरलेले आहेत, आणि त्या चिऱ्यांच्या आत कुदळ कुणीही घालायची नाही हा घरातला नियम आहे. कंद हाताळताना मी हातमोजे घालते. शेळ्या-गुरं शिरतील अशी वाट तिथे नाही. घरी लहान मूल रांगतं असेल तर काही वर्षं थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेल पळून जात नाही.

आणि याच विषाने माणसाचं भलंही केलं आहे. कोल्चिसीन पहिल्यांदा वेगळं केलं 1820 साली पेलेतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, कळलावीच्या युरोपातल्या एका भाऊबंदातून. आजही गाऊट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर ते मोजून-मापून देतात. 1937च्या सुमाराला लक्षात आलं की या द्रव्याने वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात, आणि वनस्पतींच्या नव्या जाती घडवणाऱ्यांच्या हाती मोठं साधन आलं. बिनबियांचं कलिंगड त्याच वाटेने आलं. तामिळनाडूत दिंडिगुल, करूरच्या बाजूला शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात, तारांच्या आधारावर वेली चढवून, औषधासाठी लागणाऱ्या बियांकरता. तिथे सकाळी बायका-पुरुष फुलाफुलापाशी जाऊन हाताने परागीकरण करतात. तसं करावं लागतं, कारण या फुलाची रचनाच अशी आहे की स्वतःचे पराग स्वतःला सहज लागू नयेत. सहा पुंकेसर चहूबाजूंना लांब पसरलेले, आणि स्त्रीकेसराचा दांडा बुडातूनच काटकोनात वळून एका बाजूला निघून गेलेला. आमच्या परसात हे काम मोठी फुलपाखरं करतात. मधासाठी फुलाखाली लोंबकळताना त्यांचे पंख परागकोशांना घासतात आणि तीच भुकटी घेऊन ती पुढच्या फुलावर जातात. पाऊस थांबून ऊन पडलं की पडवीच्या पायरीवर बसून मी हे बघत राहते. त्या वेळी मला हाक मारू नये हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तामिळनाडूने या फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. दूर आफ्रिकेत झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती एक जुनी गोष्ट. प्राचीन तमिळ कवितेत स्त्रीच्या बोटांना याच फुलाची उपमा दिलेली आढळते. तिकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवींना त्यात बोटं दिसली, आणि इकडे सह्याद्रीच्या या अंगाला, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यात गौरीचे हात दिसले. दोघांनी एकमेकांचं काही ऐकलेलं असण्याची गरज नाही. फूल हातात धरून बघा, वर वळलेल्या त्या सहा पाकळ्या बघा. दुसरं काही सुचतच नाही.

आता लागवडीचं. कंद मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर लावावा. चार बोटं खोल, आडवा. त्याच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो आणि तो फार नाजूक. टोक मोडलं की तो फाटा गेला. माती आमची जांभ्याचीच, त्यात कुजका पातेरा आणि थोडी वाळू. शेणखत बेताचं. उगवलेल्या कोंबाला धक्का लागू द्यायचा नाही, कारण शेंडा मोडला तर बहुधा त्या वर्षी पुन्हा फुटवा येत नाही. आधाराला बांबूपेक्षा करवंदीच्या किंवा निरगुडीच्या सुक्या डहाळ्या खोचाव्यात. एवढंच. पाणी घालायचं काम आभाळ करतं.

जुलैत अळ्या येतात. काळ्या, अंगावर पांढरे आणि शेंदरी ठिपके, इतक्या ठसठशीत की एखाद्याला त्याच फुलं वाटाव्यात. ज्या पतंगाच्या त्या अळ्या, त्याच्या शास्त्रीय नावातच या वेलीचं नाव आहे, पॉलिटेला ग्लोरिओसी. जे विष माणसाला मारतं ते त्या आनंदाने खातात. दोन दिवसांत अख्खी वेल बोडकी करायची ताकद त्यांच्यात आहे. फवारणी मी करत नाही. सकाळी काठीने अळ्या उचलून टोकाकडच्या एका वेलीवर नेऊन सोडते. ती वेल त्यांची. तिला फुलं येत नाहीत, आणि तिने ती द्यावीत अशी माझी अपेक्षाही नाही. काकींच्या नातीला हा हिशेब फार आवडतो. ती पावसाळ्यात आली की आधी ‘अळ्यांची वेल’ बघायला पळते.

पण खरी काळजी वेगळी असते. वेल चालते पावसाच्या हिशेबाने, आणि सण चालतो चंद्राच्या. कंदाला मृगाशी, सरींशी देणंघेणं, त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी फूल. गौर मात्र भाद्रपदात, आणि भाद्रपद कधी येईल ते अधिक मासावर. 2023मध्ये श्रावण अधिक होता, गणेश चतुर्थी थेट 19 सप्टेंबरला आली. गौरी आल्या तोवर बऱ्याच वेलींच्या खालच्या फुलांची बोंडं झाली होती आणि शेंड्याची राहिलेली फुलं आम्ही जपून तोडली. 2025मध्ये अगदी उलट. पाऊस 25 मेलाच महाराष्ट्रात शिरला, आणि चतुर्थी 27 ऑगस्टला. वेल आणि सण असे समोरासमोर आले की पूर्ण वाडीला पुरून उरतील इतके हात होते. पूर्वी हा मेळ कुणी घालत नव्हतं. पूर्ण गाव गडग्यांनी भरलेलं होतं, कुठे उन्हातली वेल आधी फुलायची, कुठे आंब्याच्या सावलीतली मागाहून. कुठली ना कुठली सापडायचीच. आता वेली मोजक्याच, म्हणून मेळ मला घालावा लागतो. पंचांग आलं की मी भाद्रपद बघते. उशिराचा असेल तर काही कंद कोरड्या वाळूत राखून ठेवते आणि पंधरवडाभर मागाहून लावते. काही सावलीत, काही उघड्यावर. कधी जमतं, कधी पाऊसच मध्ये पंधरा दिवस गुडूप होतो आणि सगळा हिशेब मोडतो. 2026मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, चतुर्थी 14 सप्टेंबरला.

कार्तिकात पानं पिवळी पडतात, बोंडं तडकतात आणि आत शेंदरी-लाल बिया दिसतात. त्यानंतर वेल वाळून जाते, आणि जमिनीवर तिची खूणही राहत नाही. खाली मात्र जुना कंद आटून गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवा, ताजा कंद तयार झालेला असतो. दरवर्षी नवा. हे सहा-सात महिने माणसाला फार जड जातात. पाहुणे येतात, चिऱ्यांच्या आतली ती मोकळी जागा बघतात आणि म्हणतात, ‘अगं, इथे मिरच्या तरी लाव.’ मिरच्या लावल्या की पाणी आलं, आणि झोपेतल्या कंदाला पाणी म्हणजे कुजणं. शिंपण्याची नळी आम्ही त्या बाजूला फिरकू देत नाही. पातेरा जाळत नाही, तिथेच राहू देतो. माझ्या मुलाला या रिकाम्या जागेचं कोडं सुटत नव्हतं. आंब्याच्या मोहराची वाट बघतो, फणसाची बघतो, तर मातीचीही बघावी, एवढंच मी त्याला सांगितलं. आता तो मित्रांना तिथून चालायला मनाई करतो.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ही वेल हवी म्हणून सड्यावरून, रानातून कंद उकरून आणू नका. औषधासाठी म्हणून कंद खणून नेणाऱ्यांनी तिचं आधीच पुष्कळ नुकसान केलं आहे. बी घ्या. बियांपासून फूल यायला साधारण तीन पावसाळे जातात. पहिल्या वर्षी तर गवताच्या पात्यासारखा एवढासा कोंब येतो आणि सुकून जातो, तेव्हा मेली असं समजून कुंडी ओतून टाकू नका. खाली गव्हाएवढा कंद धरलेला असतो. दुसऱ्या वर्षी वेल टीचभर. तिसऱ्या वर्षी, जागा आवडली असेल तर, कळी.

आमच्याकडच्या बिया मी कार्तिकात कागदाच्या पुड्यांत बांधते. वरच्या वाडीत चार घरांनी घेतल्या. ज्यांच्या दारात लहान मुलं आहेत त्यांनी त्या घराजवळ न लावता वाडीच्या देवळामागच्या गडग्यात टाकल्या, तो अजून तसाच्या तसा आहे. काकींनी मात्र पुडी घ्यायला नकार दिला. त्या म्हणाल्या, ‘माझं आता तीन पावसाळं कुनी मोजलेत? तुमच्या हितलंच नेन.’ मग त्यांच्या सुनेने त्यांच्या पाठीमागून पुडी घेतली आणि कनवटीला लावली. त्या बियांचा यंदा दुसरा पावसाळा. सुनेने कुंडीवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: विषारी, हात लावू नये.